बर्डीवर फॉरमॅट होता होता वाचलेला लॅपटॉप

नागपूर

प्रिय बंड्या,

त्या रात्री तुला झोपेतून उठवलं, ४८ अंक वदवून घेतले आणि काही न सांगता फोन ठेवला. तू चिडला असशील. पण तुझा भाचा शेजारी रडायच्या बेतात बसला होता, त्याच्यासमोर सगळं बोलता येईना. आता निवांत लिहितो.

पोट्ट्याला विंडोजशेजारी उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, हवं होतं. त्यानं सी ड्राइव्हमधून जागा काढली, सिक्युअर बूट (सुरू होताना अनोळखी प्रोग्राम अडवणारी सोय) बंद केलं, पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल केलं. रीस्टार्ट केल्यावर नुसता काळा पडदा. (ग्राफिक्सचा ड्रायव्हर असावा, असं होतं कधीकधी.) मग वैतागून पेनड्राइव्हवरूनच ते नवं पार्टिशन, म्हणजे उबुंटूसाठी डिस्कचा वेगळा केलेला भाग, उडवलं. आता तर विंडोजही येईना. पडद्यावर फक्त 'ग्रब' (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) आणि पुढे लुकलुकणारा कर्सर.

ताई त्याला घेऊन बर्डीवरच्या एका दुकानात गेली. तिथला माणूस म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल, डेटा विसरा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता बे त्यात! मे महिन्याच्या उन्हात ती तशीच माझ्याकडे आली.

मला या 'फॉरमॅट मारा' म्हणणाऱ्यांचा राग येतो. विंडोजला काही झालंच नव्हतं. डिस्कवर शंभरेक एमबीचं एक छोटं पार्टिशन असतं, त्यात विंडोज आणि उबुंटूच्या बूट फाइल्स (सुरू व्हायला लागणाऱ्या) वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असतात. लिनक्सचं पार्टिशन उडवलं तरी उबुंटूचा हा फोल्डर राहतो आणि मदरबोर्ड आधी तिथंच जातो. भाडेकरू घर सोडून गेला, दारावरची पाटी तेवढी राहिली. सुरू करताना एफ-१२ दाबलं, यादीतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडलं, झालं.

झालं कुठे! समोर निळा पडदा: बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की द्या. सिक्युअर बूट बदललेलं दिसलं की बिटलॉकर असा अडून बसतो. दुकानात फॉरमॅट मारला असता, तर बिटलॉकरची त्या ड्राइव्हवरची माहितीच पुसली गेली असती. मग तुझ्या ४८ अंकांनीही काही उघडलं नसतं. ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात राहते. पोट्ट्याच्या खात्यात शोधली, नव्हती. लॅपटॉप घेऊन दिलास तेव्हा तो सुरू केला होतास तू, तुझ्या ईमेलनं! एका गटात तू सातच्या जागी एक वाचलास, आठवतं? सहा अंकांच्या प्रत्येक गटाला ११ ने भाग जावा लागतो, म्हणून चूक तिथंच पकडली गेली.

विंडोज उघडल्यावर आधी प्रोजेक्ट बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला. मग उबुंटूचा तो फोल्डर काढला, बूटच्या यादीत विंडोज वर आणलं, सिक्युअर बूट परत चालू केलं.

तुला एक काम. ती की कागदावर उतरवून ताईकडे पाठव. त्याच लॅपटॉपमध्ये ठेवून उपयोग नाही, हे तिला मी समजावलंय. ती घरपट्टीच्या पावत्यांसोबत ठेवणार आहे. तुझ्या घरातल्या लॅपटॉपची की कोणाच्या खात्यात आहे, तेही बघून घे.

पोट्ट्याची हौस मात्र मला आवडली. त्याला डब्ल्यूएसएल टाकून दिलंय, विंडोजच्या आतच उबुंटू चालतं, पार्टिशनला हात लावायची गरज नाही. ताईला वाटतं, लिनक्सचं नावच घरातून गेलं. तिनं विचारलं तर तू मामा म्हणून सांभाळून घे.

तुझा दोस्त