वाचनाच्या तासाची नवी घडी

पालघर जिल्हा,
रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दुसरीचा वर्ग हाती आल्यावर वाचनाच्या वेळेची आखणी कशी करावी, असे तू विचारले होतेस. उत्तराला उशीर झाला, कारण माझीच घडी नीट बसायला दिवाळी उजाडली.

आधी गेल्या वर्षीचा एक प्रसंग सांगतो. एका मुलीने शब्दावर बोट ठेवून ‘ग ला काना गा, ड ला दुसरी वेलांटी डी’ असे खणखणीत म्हटले आणि ‘मग शब्द कोणता?’ असे विचारताच ती गप्प झाली. बाराखडी मुखोद्गत होती. गाडी मात्र तिला कुठेच दिसली नव्हती. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ साली वाचन म्हणजे लिपी उलगडणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार, असे मांडले होते. त्यातील एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्यच येणार. आपल्याच जिल्ह्यातील वाडा तालुक्यात मराठीचा आणि कर्नाटकातील यादगीर येथे कन्नडचा, मुले वाचायला-लिहायला कशी शिकतात हे पाहणारा जो ‘लिरिल’ अभ्यास झाला, त्यातही वर्गातला बहुतेक वेळ अक्षरे घोकण्यात आणि फळ्यावरचे उतरवून घेण्यात जातो, हेच दिसले. ते वाचताना मला माझाच वर्ग आठवला.

आता परिपाठानंतरचे दीड तास मी भाषेसाठी राखून ठेवतो. आरंभी पंधरा-वीस मिनिटे मीच गोष्ट वाचून दाखवतो आणि मुले तिच्यावर वारलीत बोलली तरी अडवत नाही. त्यानंतर लिपी. मुळाक्षरांचा क्रम मी सोडून दिला असून म, क, ल, न आणि काना एवढीच सामग्री प्रथम घेतो, म्हणजे पहिल्याच आठवड्यात कान, नाक, मका, लाल असे खरे शब्द वाचता येतात. पहिल्या वेलांटीला मात्र घाई करू नकोस, कारण ती अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. वाचनाच्या संशोधक सोनाली नाग यांच्या कन्नडवरील अभ्यासात मुलांचे अक्षरज्ञान चौथीपर्यंतही पूर्ण होत नसल्याचे आढळले आहे, तेव्हा दिवाळीपर्यंत बाराखडी संपवण्याचा आपला जुना हट्ट कशासाठी होता, कोण जाणे.

खरी कसोटी तिसऱ्या भागाची. पाच-सहा मुले सतरंजीवर माझ्याजवळ बसून त्यांच्या आवाक्यातला छोटा मजकूर वाचतात आणि कोण कुठे अडखळते ते मी वहीत टिपतो. त्या वेळी बाकीच्यांनी काय करायचे? सुरुवातीला दर दोन मिनिटांनी ‘गुरुजी, हा खोडरबर देत नाही’ अशी फिर्याद यायची आणि गटातले वाचन तिथेच मोडायचे. अखेर एक आठवडा मी गट घेतलाच नाही. मी सतरंजीवर असताना जोडीने पुस्तक पाहायचे किंवा ऐकलेल्या गोष्टीचे चित्र काढून खाली आपल्या मनाने लिहायचे, एवढाच सराव करून घेतला. तो आठवडा वाया गेला असे आमच्या दुसऱ्या शिक्षकांना वाटले, पण त्यानंतर गट चालू लागले. शेवटी उरलेल्या वेळात प्रत्येक जण आपले लिहिलेले वाचून दाखवतो. त्यातील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी त्या क्षणी काढत नाही.

केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन आणि गणिताच्या अभियानात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचे लक्ष्य आहे. ओघ हवाच, हे मलाही मान्य आहे. तथापि घड्याळ लावून वाचून घेतले की मुले वाक्य गिळतात, म्हणून मोजणी महिन्यातून एकदाच करतो आणि लगेच दोन प्रश्न विचारतो.

तुझा वर्ग पंचेचाळीस मुलांचा असल्यामुळे प्रत्येक गट आठवड्यातून एकदाच तुझ्याजवळ येऊ शकेल. त्यातही ज्यांना शब्द जुळवता येत नाही त्यांना दोनदा घे, चांगले वाचणाऱ्यांना दहा दिवसांनी घेतलेस तरी चालेल. माझी अक्षरगटांची यादी सोबत पाठवत आहे. जोडाक्षरांचे पान कोरे आहे, कारण तिथवर मी अजून पोहोचलेलो नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना बाकसोबती