आधी छप्पर, मग रंग

कंपन्यांचे कर्मचारी सुटीच्या दिवशी जिल्हा परिषद शाळांत श्रमदानाला येतात, ही चांगलीच गोष्ट. पण सुरुवात बहुतेक वेळा रंगाच्या डब्याने होते. ओल मुरलेल्या भिंतीवर डिस्टेंपर मारला की पहिल्याच पावसाळ्यात तिला पोपडे धरतात.

पत्र्याच्या शाळांत गळती बहुधा जे-हुकांच्या, म्हणजे पत्रा छपराच्या सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या वाकड्या बोल्टांच्या, भोकांतून होते. उन्हाने नटाखालची चकती, म्हणजे वॉशर, तडकतो, नट सैल पडतो. एप्रिल-मेमध्ये वॉशर बदलावेत आणि नट बेताने आवळावेत. जास्त पिळला तर पत्रा दबतो आणि पाणी नेमके तिथेच साचते. छपरावर जाणकार मिस्त्रीच चढवावा, हौशी मंडळी नकोत. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असते. तो घासू वा कापू नये. भिंत खरवडून, पूर्ण वाळवून, प्रायमर देऊन मगच रंग.

स्वच्छतागृहाची फरशी चकाचक होते, फोटोही निघतात. पण टाकीचा बॉलकॉक (टाकीत पाणी सोडणारी तरंगत्या गोळ्याची झडप) बंद स्थितीत अडकलेला असेल तर नळाला पाणी कुठून येणार? नळांचे सुटे वॉशर आणि एक-दोन नळ शाळेतच ठेवून जावेत.

कामांची यादी मात्र शाळा व्यवस्थापन समितीकडूनच घ्यावी. शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) शाळेचा विकास आराखडा तीच तयार करते.

– एक स्थापत्य अभियंता, सातारा