अनुदानाआधी जाणकारांचे लेखी मत हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भोपाळमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये जागतिक गुंतवणूकदार परिषद झाली, तेव्हापासून उद्योगांना द्यावयाच्या अनुदानांची चर्चा थांबलेली नाही. मोठ्या प्रकल्पांना धोरणापलीकडच्या सवलती द्यायच्या असल्या, तर तो निर्णय मंत्रिपरिषदेची गुंतवणूक संवर्धन समिती घेते. निर्णय मंत्र्यांनीच घ्यावा, याबद्दल दुमत नाही. परंतु कागद त्यांच्यापुढे जाण्यापूर्वी ज्यांनी कारखाने चालवले आहेत, कर्जे मंजूर केली आहेत आणि ज्यांना ताळेबंद वाचता येतो, अशा व्यक्तींनी ते स्वतंत्रपणे तपासावेत, असे मला वाटते.

ब्रिटनमध्ये मागास भागांतील गुंतवणुकीला द्यावयाच्या मोठ्या अनुदानांबाबत औद्योगिक विकास सल्लागार मंडळाचे मत घेतले जाते. १९८२ च्या कायद्यानुसार त्यात अध्यक्षांखेरीज सहा ते बारा सदस्य असावेत आणि त्यांत उद्योग, बँकिंग, लेखा व वित्त या क्षेत्रांतील अनुभवी व्यक्ती असाव्यात, अशी तरतूद आहे. मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्याच कायद्यातील एक कलम: मंत्र्यांनी मंडळाच्या शिफारशीविरुद्ध निर्णय घेतला आणि मंडळाने मागणी केली, तर मंत्र्यांना त्याविषयीचे निवेदन संसदेपुढे ठेवावे लागते. सल्ला डावलण्याचा अधिकार कायम राहतो, पण तो गुपचूप डावलता येत नाही.

असे मंडळ पाहते तरी काय? पहिला आणि सर्वांत अवघड प्रश्न असा, की अनुदान दिले नाही तर हा कारखाना उभा राहणारच नाही का. इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक क्षेत्रात जमीन घेऊन, यंत्रांची मागणी नोंदवून बसलेली कंपनी अनुदान मागते, तेव्हा ती बहुधा येणारच असते, आणि मग सरकारी पैसा नवी गुंतवणूक न आणता केवळ तिचा नफा वाढवतो. यंत्रांच्या किमती फुगवल्या आहेत का, प्रवर्तकांचे स्वतःचे भांडवल किती, तयार मालाला गिऱ्हाईक आहे का, आणि इंदूरच्या सांवेर रोडवरच्या लहान कारखान्यांचेच कारागीर व काम तिकडे जाऊन जुना रोजगार नव्या नावाने मोजला जाणार नाही ना, हे त्या धंद्यात मुरलेल्या माणसाला लवकर उमगते. (प्रकल्प अहवालांतील रोजगाराचे आकडे इतके गोल का असतात, हेही त्याला ठाऊक असते.)

अर्थात मंडळ नेमले की सारे सुरळीत होते, असे नाही. ब्रिटनच्याच प्रादेशिक विकास निधीसाठी लॉर्ड हेझेल्टाइन यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र सल्लागार समिती होती; तरीही तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१२ मध्ये असा आक्षेप घेतला, की निधीचा बराच भाग खर्चाच्या मानाने कमी रोजगार देणाऱ्या प्रकल्पांकडे गेला. शिवाय उद्योजकच परीक्षक झाले, की प्रतिस्पर्ध्याची गुपिते त्यांच्या हाती पडण्याची किंवा आप्तेष्टांच्या प्रकल्पाला झुकते माप मिळण्याची भीती असते. म्हणून सदस्यांनी हितसंबंध लेखी जाहीर करावेत आणि संबंध असलेल्या प्रकरणात बैठकीतून उठून जावे.

राज्य शासनाने अशा मंडळाची तरतूद नियमांत करावी, त्यावर इंदूर-पीथमपूरच्या लघुउद्योजकांनाही स्थान द्यावे आणि मंडळाचे मत डावलले गेल्यास त्याची कारणे विधानसभेच्या पटलावर ठेवावीत, अशी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत करीत आहे.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक,
स्नेहलतागंज, इंदूर