खोक्यावर १२००, पोर्टात १०० आणि तक्रार म्हणे 'सोडवली'

प्रति,
ग्राहक सेवा विभागाचे जे कोणी प्रमुख असतील ते

आत्ता पंधरा मिनिटांपूर्वी राउटरच्या स्पीडच्या तक्रारीसाठीचा तुमच्या हेल्पलाइनवरचा माझा पाचवा कॉल संपला आणि फोन ठेवते न ठेवते तोच मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे'. समाधान नक्की कोणाचं झालं तेवढं कळवा, कारण माझं झालेलं नाही.

मॉडेल नंबर तिकिटावर आहे. राउटर तुम्हीच बनवलाय, तेव्हा त्यात काय आहे नि काय नाही हे तुम्हाला माहीत असणार असं धरून चालते. माझा आधीचा राउटरही तुमचाच, साधा सिंगल बँडवाला, म्हणजे वायफायचा एकच पट्टा असलेला, एन-३००. आठ वर्षं चालला बिचारा, कधी कुरकुर नाही. मग तुमचाच मेल आला की याला आता फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मिळणार नाहीत, सुरक्षेसाठी नवीन घ्या. पटलं मला ते, अपडेट बंद झालेला राउटर नेटला जोडून ठेवू नये एवढं कळतं. म्हणून तुमच्या साईटवर 'योग्य राउटर निवडा' म्हणून जे काही आहे तिथे सगळं प्रामाणिकपणे भरलं, तीन खोल्या, बारा-तेरा डिव्हाइस, फायबरचा ३०० एमबीपीएसचा प्लॅन. त्यावर हा एसी-१२०० तुमच्याच साईटने सुचवला, 'आपल्या प्लॅनसाठी परफेक्ट', वर हिरवी टिक. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

तर परफेक्टची गंमत ऐका. राउटरला केबलने लॅपटॉप जोडला की स्पीड येतो ९४ एमबीपीएस. सकाळी ९४, मध्यरात्री सगळे झोपल्यावर ९४. तीच केबल, तोच लॅपटॉप थेट फायबरच्या डब्याला लावला की ३०० च्या आसपास. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे केबलच्या दोन टोकांनी आपसात ठरवलेला वेग, बघितला तर डब्याला लावल्यावर १००० दाखवतो आणि तुमच्या राउटरला लावल्यावर १००. आता यात शोधायचं काय राहिलं? तुमच्या राउटरचा वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरून नेट आत घ्यायचा, १०/१०० वाला आहे, म्हणजे जास्तीत जास्त १०० चा, गिगाबिट म्हणजे १००० चा नाहीच, घरातली यंत्रं जोडायचे लॅनचे पोर्टही तसेच. खोक्याच्या खालच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात ते लिहिलंय पण, मला चष्मा लावून दिसलं. १०० च्या पोर्टातून वरखर्च जाऊन हातात ९४-९५ च पडतात, म्हणजे राउटर बिघडलेला नाही, तो जेवढा आहे तेवढाच आहे.

आणि ते १२०० म्हणजे काय तर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झ बँडचे ८६७ यांची बेरीज, ती होते ११६७, ती ओढूनताणून १२००. फोन एका वेळी एकाच बँडवर असतो त्यामुळे १२०० कोणालाच मिळत नाहीत, पण असू दे, सगळ्याच कंपन्या अशी बेरीज छापतात, त्यावरून मी भांडत नाही. माझं म्हणणं एवढंच की हवेतून ८६७ ची सोय करून ठेवलीत आणि बाहेरून नेट आत यायची वाटच १०० ची ठेवलीत, तर घरातल्या वायफायने करायचं काय? नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा. सगळ्यात कहर म्हणजे जुना एन-३०० परत काढून केबलवर टेस्ट केली, त्याचेही ९४! म्हणजे आठ वर्षांनी अपग्रेड करून केबलवर मी होते तिथेच आहे.

पहिल्या कॉलला राउटर बंद-चालू करायला लावला. दुसऱ्याला फॅक्टरी रीसेट, त्यात तेराही डिव्हाइसना पासवर्ड पुन्हा भरले आणि प्रिंटरने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली. तिसऱ्याला वायफायचं चॅनेल १ वरून ६ वर न्या, मग ११ वर न्या. केबलवरच्या स्पीडसाठी! चौथ्याला तुमची केबल खराब असेल, कॅट-६ आणा. तीही आणली, कारण गिगाबिटला आठही तारा लागतात हे खरं आहे, म्हटलं असेल एखादी तुटलेली. लावली, पहिले पाढे पंचावन्न. माझ्या बाबतीत चौऱ्याण्णव.

आता आजचा कॉल. हा तुम्ही स्वतः रेकॉर्डिंग काढून ऐकाच.

मी सगळं सांगितलं, अगदी लिंक स्पीडसकट. पलीकडून प्रश्न, "मॅडम, राउटर आणि लॅपटॉपच्या मध्ये भिंती किती आहेत?"

मी म्हटलं, केबल लावलीये. एक मीटरची केबल आहे, दोन्ही एकाच टेबलावर आहेत.

"ओके मॅडम. पण भिंती किती?"

शून्य, मी म्हटलं.

"मग तुम्ही फाइव्ह-जी ला कनेक्ट करून बघा."

केबल फाइव्ह-जी ला, म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला, कशी कनेक्ट करतात हे मी खरंच विचारलं, कारण मला शिकायचं होतं. त्यावर थोडा वेळ तुमची ती सनई की काय ती ट्यून, आणि मग, "मॅडम, घरात कोणी टेक्निकल असेल तर त्यांना फोन देता का?"

घरात टेक्निकल मीच आहे हो. आजूबाजूच्या चार घरांतले राउटर मी लावून दिलेत, त्यातले तीन तुमचे. पोर्ट १०० चा आहे हे मला कळलं, तुमच्या पाच माणसांना पाच कॉलमध्ये कळलं नाही, आणि फोन मी कोणाला द्यायचा? मी पुन्हा विचारलं, वॅन पोर्ट गिगाबिट आहे का, हो की नाही एवढंच सांगा. तर उत्तर मिळालं, "मॅडम, नॉर्मल युजरला ९४ पुष्कळ झाले." मग ३०० च्या प्लॅनला परफेक्ट अशी हिरवी टिक कशाला देता, अॅबनॉर्मल युजरसाठी का? यावर कॉल कट. आणि मग तो समाधानाचा मेसेज.

मला हवंय ते असं. गिगाबिट वॅन पोर्ट असलेला राउटर बदलून द्या, किमतीतला फरक मी भरते, फुकट काही मागत नाहीये. ते जमत नसेल तर पूर्ण पैसे परत. आणि साईटवरची ती टिक काढा, १०० च्या पोर्टाचा राउटर ३०० च्या प्लॅनला सुचवणं ही चूक असेल तर दुरुस्त करा, नसेल तर मग त्याला काय म्हणतात ते तुम्हालाही माहीत आहे. सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर स्क्रीनशॉट, पाचही तिकिटं आणि स्पीड टेस्ट घेऊन ग्राहक आयोगात जाणार, धमकी समजायची तर समजा. आणि हो, त्या चार घरांतला चौथा या महिन्यात राउटर बदलणार आहे आणि मला विचारून घेणार आहे. इतकी वर्षं मी डोळे झाकून तुमचं नाव सांगायचे, याचंच जास्त वाईट वाटतंय.

फोन करणार असाल तर आधी सांगून ठेवते, राउटर बंद-चालू करणार नाही.

ता. क. हे पत्र तुमच्या फॉर्ममध्ये टाकताना 'समस्येचा प्रकार' निवडणं सक्तीचं आहे आणि त्यात पर्याय तीनच, 'वायफाय रेंज', 'पासवर्ड विसरलो' आणि 'इतर'. 'इतर' निवडलं की पान लटकतं. म्हणून 'वायफाय रेंज' निवडलंय. कृपया भिंती विचारू नका.