मजले वाढोत, पण ओसरीचे काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्थानकासमोर असलेले जुने एकमजली हॉटेल पाडून तिथे खाली वाहनतळ, तळमजल्यावर दुकाने आणि त्यावर सात मजले अशी इमारत उभी राहणार असल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. बातमीत शहराच्या बदलत्या रूपाविषयी पुष्कळ होते, पण त्या हॉटेलात मुक्कामाला कोण असते, याविषयी एक ओळही नव्हती. मी शहराचा रहिवासी नाही. तिथून अठरा किलोमीटरवरच्या खेड्यात माझे वावर आहे, आणि पेशी, फेरफार, मोजणी नाही तर दवाखाना, अशा कोणत्या ना कोणत्या कामाने गेली चाळीस वर्षे मी त्या हॉटेलात उतरत आलो आहे.

उंच इमारतीला माझा विरोध नाही. गावाभोवतीची काळी कसदार वावरे अकृषक होऊन त्यांत प्लॉट पडताना आम्ही रोज पाहतो; गाव असे आडवे पसरण्यापेक्षा उभे वाढलेले शेतकऱ्याला केव्हाही परवडेल. हॉटेलची वास्तूही आता थकली आहे. कवेलूंखालचे सागवानी वासे वाळवीने पोखरले असून, गेल्या पावसाळ्यात मी एक अख्खी रात्र खाटेच्या पायथ्याशी घमेले ठेवून काढली.

माझा प्रश्न ओसरीचा आहे. हॉटेलच्या दर्शनी बाजूला लांब ओसरी असून तीवर दहा-बारा खाटा ओळीने टाकलेल्या असतात. खोलीचे भाडे ज्याला झेपत नाही तो तिथे थोड्या पैशांत रात्र काढतो, आणि सकाळी अंगणातल्या विहिरीवर तोंड धुऊन, तर्री-पोहे खाऊन तहसिलीत किंवा कोर्टात जातो. 1972 मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस फक्त सरकारनेच घ्यायची योजना, सुरू झाली, त्यानंतरच्या हंगामांत संकलन केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नसे. तेव्हा वडिलांसोबत मी याच ओसरीवर झोपलो आहे आणि अंगणातल्या दगडी हौदावर बैलांना पाणी पाजले आहे. हौद अजून आहे, त्यात आता हॉटेलची भांडी घासतात. बैलगाड्या गेल्या, तरी मुक्कामाची गरज संपलेली नाही. आमच्या बाजूची शेवटची बस साडेसहाला सुटते, काळी-पिवळी जीप त्याच्याही आधी भरून निघून जाते, आणि सोबत म्हातारे माणूस किंवा लेकुरवाळी बाई असली म्हणजे स्थानकाच्या बाकावर रात्र काढता येत नाही. नव्या इमारतीत वातानुकूलित खोल्या होणार आहेत. खाटांचा उल्लेख कुठेच नाही.

मालकाने स्वतःच्या जागेवर धर्मशाळा चालवावी, असे माझे म्हणणे नाही. मात्र जादा बांधकाम त्यालाही फुकट मिळत नसते. राज्यात 2020 पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार मूळ चटई क्षेत्राच्या, म्हणजे भूखंडाच्या मानाने जेवढे बांधकाम करता येते त्याच्या, वर जायचे तर अधिमूल्य म्हणजे जादा शुल्क भरावे लागते किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क) विकत घ्यावा लागतो. त्या अधिमूल्यापैकी जो वाटा नगरपरिषदेकडे येईल, त्यातून स्थानकाजवळ वीस-पंचवीस खाटांचे, बायकांसाठी वेगळी खोली आणि स्वच्छ संडास असलेले मुक्कामाचे ठिकाण उभारता येईल. किंवा मालकाशी बोलून तळमजल्यावरचे दोन गाळे त्यासाठी घेता येतील.

जादा चटई क्षेत्र किती द्यायचे, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते, आणि ही रुंदी पाहिली जाते नकाशावर. विकास आराखड्यात 12 मीटर दाखवलेला तो रस्ता मी पावलांनी मोजला. पानठेले, फळांच्या हातगाड्या आणि उभ्या काळी-पिवळ्यांनी अडवलेली जागा वगळली तर तो 8 मीटरही भरत नाही. 15 मीटर व त्याहून उंच इमारतीला राष्ट्रीय बांधकाम संहिता उंच इमारत मानते. सात मजले म्हणजे ती मर्यादा सहज ओलांडली जाईल, आणि आमच्या बंबावरची शिडी दुसऱ्या मजल्यापर्यंत जेमतेम पोहोचते. आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र 2006 च्या राज्य अधिनियमाप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. ते तपासणार कोण, हेही आधीच ठरलेले बरे.

जमिनीविषयी मात्र मी थोड्या अधिकाराने लिहितो, कारण या मातीत माझा जन्म गेला. आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत कोपरापर्यंत हात जावा. म्हणून जाणते गवंडी साध्या घराचा पायासुद्धा मुरूम लागेपर्यंत खाली नेतात. इथे तर वाहनतळासाठी दोन मजले खोल खोदायचे आहे, आणि दोन्ही अंगांना मातीत विटा जोडून बांधलेली जुनी घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. बाजूंना भक्कम आधार न देता ऐन पावसाळ्यात असा खड्डा उघडा राहिला, तर त्या घरांचा पाया सरकायला एक झड पुरेल. खड्ड्यातले पाणी महिनोन्महिने पंपाने उपसत राहिले, तर आसपासच्या विहिरींचीही पातळी खाली जाईल. 500 चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावर पाऊसपाणी जिरवण्याची सोय सक्तीची आहे. अंगणातली विहीर बुजवण्याऐवजी त्याच कामी घेतली, तर तेवढीच भर पडेल.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली आराखड्यात फेरबदल करायचा असला म्हणजे लोकांच्या हरकती मागवतात. कलम 45 खालच्या बांधकाम परवानगीसाठी मागवत नाहीत. आम्ही तर शहराचे मतदारही नाही, म्हणून हे आपल्यामार्फत मांडावे लागत आहे. पाडकाम दिवाळीनंतर सुरू होणार असे ऐकतो, आणि नेमकी तेव्हाच कापूस विकायला येणाऱ्यांची वर्दळ वाढते. तरी नगरपरिषदेने त्याआधी मंजूर नकाशा, मातीच्या तपासणीचा अहवाल आणि मुक्कामाच्या पर्यायी जागेचा पत्ता स्थानकाच्या फलकावर लावावा, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक,
जि. यवतमाळ