विषय: लिफ्टमधील टच पॅनेल काढून दाबायची बटणे पुन्हा बसवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, फोंडा, गोवा

महोदय,

याच विषयावर मी पूर्वी दिलेल्या अर्जाची कार्यालयाने पोच दिली, उत्तर मात्र दिले नाही; म्हणून हे पत्र सर्व सभासदांना प्रत देऊन लिहीत आहे.

दाबायची बटणे काढून सपाट काचेचे पॅनेल बसवले गेले ते दुसऱ्या मजल्यावरील एका सभासदांच्या आग्रहाने, आणि ‘इमारतीला शोभते’ याखेरीज त्याच्या बाजूने एकही कारण सभेत मांडले गेले नाही. चौथ्या मजल्यावरील आजींना काचबिंदूमुळे फारच कमी दिसते. पूर्वी त्या उठावाचे आकडे चाचपून आपला मजला दाबत. आता चाचपण्यासाठी काचेवरून हात फिरवला, की बोट टेकेल तो प्रत्येक मजला लागतो. असे पॅनेल बोटामुळे होणारा विद्युत बदल ओळखून चालते, त्यामुळे पावसात भिजून आलेल्या माणसाच्या ओल्या बोटांनी ते कधी नको तो मजला घेते, कधी काहीच घेत नाही. आणि गोव्यात पावसाळा चार महिने असतो. चवथीला दोन्ही हातांत माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-भाज्यांचे, सामान असताना आपण सारे कोपराने बटण दाबत आलो. बाहीतल्या कोपराला ही काच दाद देत नाही. धोक्याची घंटाही त्याच काचेवर आहे, म्हणजे वीज जाऊन लिफ्ट अडकली तर घाबरलेल्या माणसाने ती अंधुक प्रकाशात शोधायची.

२०१७ मध्ये सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ या अमेरिकी युद्धनौकेची टक्कर होऊन १० खलाशी दगावले. चौकशीत टच स्क्रीनवरील नियंत्रणाची रचनाही सदोष ठरली आणि २०१९ मध्ये अमेरिकी नौदलाने हाताने सरकवायच्या यांत्रिक थ्रॉटलकडे (वेग कमी-जास्त करायच्या दांड्याकडे) परतण्याचे जाहीर केले. एवढ्या मोठ्या नौदलाला जे मागे घ्यावेसे वाटले, ते मागे घेण्यात आपल्या समितीला कमीपणा वाटू नये.

सामाईक सुविधेतील असा बदल सर्वसाधारण सभेपुढे ठेवायला हवा होता, असे उपविधी वाचून माझे स्पष्ट मत झाले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चाही समितीने विचार केलेला दिसत नाही. माझ्या मजल्यावरील सर्वांना हे पटते, इतर मजल्यांवरही बहुतेकांचे मत असेच आहे, फक्त शेजारधर्म म्हणून ते बोलत नाहीत.

जुने पॅनेल पंपाच्या खोलीत पडून आहे. ते भंगारात न देता पुन्हा बसवता येते का, हे लिफ्टच्या मेकॅनिककडून लेखी घ्यावे, तोवर काचेवर उठावाच्या आकड्यांच्या पट्ट्या आणि घंटेसाठी वेगळे लाल बटण लावावे. पट्ट्यांनी आजींची चाचपण्याची अडचण सुटणार नाही, पण आपला मजला कुठे आहे एवढे तरी त्यांना कळेल. काचेच्या पॅनेलचा खर्च ज्यांच्या आग्रहाने झाला, त्यांनीच तो भरून द्यावा का, हा विषय पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि मला सभेपूर्वी लेखी उत्तर मिळावे.

आपला विश्वासू,
एक सभासद, तिसरा मजला