हीट नंबर आहे, मोल्डरचं नाव नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लार्सन अँड टुब्रोच्या तेल-वायू क्षेत्रातल्या वाटचालीवरचा रविवारचा लेख वाचला. बॉम्बे हायचा भाग फार आवडला. १९७४ मध्ये समुद्रात विहीर खोदणाऱ्या 'सागर सम्राट' या रिगला तेल लागलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, हे आमच्या पिढीला अजून तोंडपाठ आहे. पण कंपनीची सुरुवात दोन ओळींत उरकली, हे खटकलं.

होल्क-लार्सन आणि टुब्रो या डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत भागीदारी केली, तेव्हा कचेरीत एका वेळी एकालाच बसता येईल एवढीच जागा होती. धंदा डेन्मार्कच्या दुग्धयंत्रांच्या एजन्सीचा. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतला आणि माल यायचा थांबला. मग त्यांनी छोटं वर्कशॉप काढून यंत्रं इथेच करायला घेतली, जहाजांची दुरुस्तीही केली. बाहेरून पार्ट मिळेना तर आपणच करून बघायचा, हे आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरमधल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत एकतीस वर्षं काढली. तेल-वायूच्या व्हॉल्व्हची ऑर्डर असली की सगळ्यांचा जीव मुठीत. व्हॉल्व्हच्या प्रत्येक बॉडीवर हीट नंबर, म्हणजे ती ज्या भट्टीच्या रसातून ओतली त्याचा क्रमांक, असायचाच. त्याच हीटचा टेस्ट बार, म्हणजे नमुन्याची कांडी, ओढून तोडायचा, मग आतले दोष बघायला रेडिओग्राफी, शेवटी पाण्याच्या दाबाची हायड्रो टेस्ट. एकदा फ्लँजच्या मानेशी मोहरीएवढा थेंब पाझरला. बोटाने पुसला, परत आला. अख्खी बॉडी बाद. ज्याने साचा भरला होता तो मोल्डर त्या दिवशी जेवला नाही.

वीस वर्षांनी कास्टिंगला तडा गेला, तरी नंबरावरून ते कुठल्या दिवशी, कुठल्या रसातून ओतलं हे निघतं. वाळू कुणी ठोकली, हे मात्र कुठल्याच कागदावर नाही. ठेकेदार कंपन्यांच्या इतिहासात करार येतात, विलीनीकरणं येतात. ती यावीतच. पण ज्यांच्या हातचं लोखंड त्या पाइपलाइनीत बसलं, तेही त्याच इतिहासातले आहेत.

म्हणून विनंती आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या जुन्या मोल्डर आणि साच्यासाठी नमुने घडवणाऱ्या पॅटर्नमेकरांच्या आठवणी आपण दर आठवड्याला छापाव्यात. आमच्यातले बरेच जण ऐंशीच्या घरात आहेत, काहींना आता नीट ऐकू येत नाही. आपला वार्ताहर पाठवा, घरं दाखवायला मी स्वतः बरोबर येतो.

आपला,
एक निवृत्त फौंड्री कामगार, कोल्हापूर